कमलबाईंची बोहनी

घंटागाडी प्रकाशशेठच्या दुकानासमोर उभी होती. गाडीवरचं स्वच्छतेचं गाणं संपून पुन्हा सुरू झालं होतं. दुकानात गल्ल्याच्या मागं साड्यांच्या रिकाम्या खोक्यांची छताला टेकेल अशी रास मला रस्त्यावरून दिसत होती. प्रकाशशेठ नुकतीच दिवाबत्ती करून गल्ल्यावर बसले होते. उदबत्तीचा वास बाहेरपर्यंत येत होता. माझ्याकडं बघून ते छान हसत होते, पण जागचे हलत नव्हते.

"शेठ, गाडी आली," मी म्हटलं.

"दिसली ना मॅडम. या, चहा घ्या."

"चहा नको. पुठ्ठा द्या."

"देतो ना. उद्या देतो."

"उद्याचं उद्या. गाडी काय तुमच्या दुकानाचा फोटो काढायला आणली का मी?"

शेठ आणखी हसले आणि नोकराला म्हणाले, "मॅडमला पाणी दे रे." पाणी आलं. पुठ्ठा आला नाही. पुढच्या दुकानात तेच, त्याच्या पुढच्या दुकानात तेच. गाडी अख्ख्या मेन रोडनं गात गात गेली आणि रिकामी परत आली.

मी नगरपरिषदेत सॅनिटरी इन्स्पेक्टर आहे. कागदावर स्वच्छता निरीक्षक, लोकांच्या तोंडी कचरेवाल्या मॅडम. कचरा वेळेवर उचलला जातो का, नाल्या निघतात का, रस्त्यावर कोण टाकतं, हे बघणं माझं काम. गाव जालना जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नाव सांगत नाही. यातली सगळी माणसं अजून तिथंच दुकान लावून बसली आहेत आणि मला रोज त्याच रस्त्यानं जायचं असतं.

दुकानाचा कचरा घरच्या कचऱ्यासारखा नसतो. घरात शिळं अन्न, भाजीची देठं. दुकानात पुठ्ठा, प्लास्टिकची पन्नी, थर्माकोल, सुतळी. यातला पुठ्ठा आणि पन्नी खरं तर कचरा नाहीच. तो कारखान्यात जातो आणि नवीन खोकं होऊन परत येतो. अट एकच, कोरडा पाहिजे. एकदा नालीचं पाणी लागलं किंवा कोणी त्यावर उरलेला चहा ओतला, की तो पुठ्ठा फुकटसुद्धा कोणी घेत नाही. म्हणून आमच्या कामातलं मोठं शहाणपण एवढंच, की माल दुकानातून थेट हातात आला पाहिजे. जमिनीवर पडला की संपला.

आणि आमच्याकडं तो जमिनीवरच पडत होता. आमच्या सफाईच्या बायका पहाटे मेन रोड लख्ख झाडून ठेवायच्या. मग दुकानं उघडायची. नोकर आतून झाडत झाडत यायचा आणि शेवटचा फराटा थेट रस्त्यावर. थोड्या वेळानं वारा सुटायचा. पन्न्या नालीत, नालीचं पाणी रस्त्यावर आणि तक्रार माझ्या नावावर, असा रोजचा क्रम होता.

या रस्त्यावर कमलबाई पुठ्ठा वेचायच्या. सोबत त्यांच्या वस्तीतल्या आणखी काही बायका. पाठीवर पोतं आणि हातात लोखंडी आकडा. नालीतून काढायचं, झटकायचं, वस्तीवर वाळवायचं, मग भंगारात द्यायचं. सकाळच्या वेळी त्यांना बाजारात कोणी उभं राहू देत नसे. "पुढं व्हय बाई, सकाळी सकाळी," म्हणून हाकलायचे. त्यामुळं त्या दुपारनंतर यायच्या, आणि तोवर पुठ्ठ्याचा लगदा झालेला असायचा.

आमचे सीओ साहेब, म्हणजे नगरपरिषदेचे मुख्याधिकारी, वयानं माझ्यापेक्षा बरेच लहान होते. पण ऐकून घ्यायचे. हा गुण खुर्चीत बसल्यावर फार लोकांत टिकत नाही. मी मागं लागले म्हणून त्यांनी कचरा डेपोजवळचं एक रिकामं शेड कमलबाईंच्या बचत गटाला चालवायला दिलं. पुठ्ठा दाबून गठ्ठे बांधायचं मशीनही आलं. पण सगळं ट्रायलवर. नगरपरिषदेच्या पुढच्या सभेपर्यंत बाजारातला सुका माल शेडमध्ये यायला लागला तर शेड गटाकडं राहणार. नाही आला तर एका ठेकेदाराचा प्रस्ताव तयारच होता. त्याची मोठी गाडी येणार, ओला-सुका सगळा एकत्र भरणार आणि डेपोवर नेऊन ओतणार. त्या प्रस्तावात कमलबाईंना कुठंच जागा नव्हती.

कमलबाईंनी या भरवशावर त्या वर्षी कापूस वेचणीला जायचं सोडलं. आमच्या भागात मजूर बायका वर्षभर वेचणीच्या दिवसांची वाट बघतात. कमलबाईंनी ते सोडलं आणि गटातल्या बायकांनाही सोडायला लावलं. शेडची किल्ली घेताना त्या मला म्हणाल्या, "मॅडम, म्या यांला जबान देली हाय. शेड गेलं तर कामाचं तर जाईलच, पन वस्तीत मला तोंड दाखवायला जागा राहनार न्हाई."

किल्ली मी दिली होती. त्यामुळं ती जबान माझीही झाली होती.

गाडी संध्याकाळी न्यायचं मीच ठरवलं होतं. हिशोब सरळ होता. दुकानात दिवसभर खोकी फुटतात. संध्याकाळी गर्दी ओसरते. तेव्हाच माल हातात घेतला तर रात्री कुत्री-ढोरं पसरवणार नाहीत, सकाळी रस्त्यावर येणार नाही. व्यापाऱ्यांची मीटिंग घेतली. फळ्यावर चित्र काढून दाखवलं. प्रकाशशेठ व्यापारी संघाचे अध्यक्ष. त्यांनी मान डोलावली, "बराबर हाय मॅडम, बिलकुल बराबर." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका माणसानं हरकत घेतली नाही. आता वाटतं, तिथंच मला शंका यायला पाहिजे होती. आमच्या बाजारात ज्या गोष्टीवर भांडण होत नाही ती गोष्ट होणार नसते.

रोज संध्याकाळी गाडी जायची आणि रिकामी यायची. रोज "उद्या". एके दिवशी माझं डोकं फिरलं. मी पावती पुस्तक काढलं आणि प्रकाशशेठच्या गल्ल्यावर ठेवलं.

"शेठ, दंड लावते."

"लावा ना मॅडम. चूक आमची हाय."

"मग भरा."

"भरतो ना. आत्ता नको. उद्या पाठवून देतो."

"पुठ्ठाही उद्या, दंडही उद्या. तुमच्या घरी आज कधी उजाडतच नाही का?"

दुकानातल्या गिऱ्हाइकांना हसू फुटलं. शेठही हसले. पण गल्ल्याला त्यांनी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दंड बिनबोभाट ऑफिसात आला. सोबत एक पेढ्याचा पुडा. मी पेढा खाल्ला, पावती फाडली. माणूस दंड खुशीनं भरतो आणि पुठ्ठा देत नाही, याचा अर्थ मात्र काही केल्या लागेना.

अर्थ रफीकभाईंनी सांगितला. त्यांचं चपलांचं दुकान प्रकाशशेठच्या समोर. माझ्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून मी त्यांच्याकडं बसले होते. त्यांनी आधी अंगठा शिवायला दिला, मग चहा मागवला, मग आवाज खाली आणला.

"मॅडम, बुरा मत मानो. एक बात बोलू?"

"बोला."

"संध्याकाळी तुम्हाला इथं कोनी कचरा देनार न्हाई. दिवाबत्ती झाली ना, की मंग दुकानातून काडी बाहेर जात न्हाई. लक्ष्मी जाती म्हनतात. पैसा न्हाई देत, कचरा तर दूर की बात."

"मग मीटिंगमध्ये का नाही बोलले?"

रफीकभाई कानाची पाळी खाजवत राहिले. "तुम्ही बौद्ध घरातल्या. तुमच्यात हे काही मानत न्हाईत. शेठ म्हनले, मॅडमपुढं लक्ष्मीचं काढलं तर मॅडमला वाटंल आपन अडानी हावोत, नसता अपमान व्हईल. त्यापेक्षा हो म्हना आन् गप बसा."

मला राग आला. मग हसू आलं. मग दोन्ही एकदम. माझं माहेर हसनाबादचं. आई दुसऱ्याच्या शेतात कामाला जायची आणि परत यायची तेव्हा घरोघरी दिवे लागलेले असायचे. आल्या आल्या ती आधी घर झाडायची. तेव्हा नाही झाडायचं तर कधी? आमच्या घरातून संध्याकाळी केर बाहेर गेला आणि मी शिकून नोकरीला लागले. त्यामुळं दिवाबत्तीनंतरच्या केराला कोणाच्या घरी इतकी किंमत असेल हे माझ्या आराखड्यात आलंच नव्हतं. आणि शेठ लोकांनी माझा मान राखायचा म्हणून मला रोज रिकामी गाडी फिरवायला लावली. असा मान कोणाच्या वाट्याला येऊ नये. पण रफीकभाईंचे उपकार मी आजही मानते. त्यांनी सांगितलं नसतं तर मी सभेच्या दिवसापर्यंत गाणं वाजवत हिंडले असते.

मी गाडीची वेळ बदलली. सकाळी दुकानं उघडताना गाडी आणि सोबत कमलबाईंचा हातगाडा. सुका माल गाड्यावर, बाकी केर गाडीत. आता कोणाची लक्ष्मी आड येणार नव्हती.

पहिल्याच सकाळी प्रकाशशेठ म्हणाले, "देतो ना मॅडम. बोहनी होऊ द्या."

बोहनी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. पुण्या-मुंबईकडं भवानी म्हणतात. ती झाल्याशिवाय आमचा दुकानदार गल्ल्यातून पैसा काढत नाही, उधार देत नाही, दुकानातली वस्तू कोणाला फुकट देत नाही. दंड दुपारी का आला होता ते मला तेव्हा कळलं. मी रफीकभाईंकडं बघितलं. ते दोन्ही हात वर करून म्हणाले, "बोहनी तो बोहनी है मॅडम. ते आमच्यात पन हाय."

रस्त्यावर फराटा मारलेला त्यांना चालत होता, कारण तो झाडलेला केर. हातात द्यायचं म्हटलं की ते देणं झालं. कोणाची बोहनी दुकान उघडल्या उघडल्या व्हायची, कोणाची जेवणाच्या वेळेला. कापडाच्या दुकानात तर एखाद्या दिवशी दुपार टळून जाते. तोवर रस्त्यावर एवढी गर्दी होते, की गाडी काय, माणूस आडवा चालू शकत नाही. गाडी एकेका दुकानासमोर थांबून बोहनीची वाट बघणार का?

सीओ साहेबांनी मला बोलावलं. सभेची नोटीस निघाली होती.

"मॅडम, संध्याकाळी लक्ष्मी, सकाळी बोहनी. मग यांचा कचरा घ्यायचा तरी कधी?"

"सर, थोडा वेळ द्या."

"वेळ माझ्या हातात नाही. ठेकेदाराची फाइल टेबलवर आहे. लोक विचारतात, शेड कशाला अडवून ठेवलं? मी सभेत काय सांगू?"

"मलाही माहीत नाही सर."

त्यांनी कपाळावर हात घासला. "निदान खोटं तरी बोलत नाही तुम्ही," म्हणाले. मी बाहेर आले. शेडमध्ये गेले तर गठ्ठ्याचं मशीन नुसतं पुसून ठेवलेलं. कमलबाई त्याच्याशेजारी बसल्या होत्या. गटातल्या दोघी त्यांच्याशी बोलत नव्हत्या. वेचणी निम्म्यावर आली होती आणि शेजारणी कापसाच्या मजुरीतून पोरांना स्वेटर घेऊन आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा मेन रोडला गेलो. पुढं कमलबाईंचा गाडा, मागं घंटागाडी, बाजूला मी. तुळशीची लग्नं होऊन गेली होती. लग्नसराई सुरू होणार म्हणून शेठकडं आदल्या दिवशीच भरपूर माल आला होता. दारातच खोक्यांचा ढीग. वारा सुटला होता आणि वरची खोकी हलत होती. नालीत जायला त्यांना एक झुळूक पुरे होती.

"शेठ, पुठ्ठा," कमलबाई म्हणाल्या.

"ए बाई, बोहनी न्हाई झाली अजून. पुढं व्हय."

"पुढं जाऊन माघारी येऊस्तोर ह्यो नालीत जाईन."

"मंग जाऊ दे. सकाळी सकाळी दारात उभी नको राहू."

मी काही बोलणार तेवढ्यात कमलबाईंनी गाडा सोडला. पदराची गाठ दातानं सोडवली. त्यातून एक रुपयाचं नाणं काढलं आणि दुकानाच्या पायरीवर पाय ठेवून थेट शेठपुढं धरलं.

"हे घ्या. पुठ्ठा इकत घेतला म्या. झाली का बोहनी? आता काढा माल!"

आवाज चढलेला होता. समोर रफीकभाई चपला लावता लावता थांबले. नोकर झाडू धरून उभा. शेठ आता काहीतरी वाईट बोलणार आणि सभेच्या आधीच सगळं संपणार, असं वाटलं.

पण शेठ अडकले होते. आमच्या बाजारात पहिल्या गिऱ्हाइकाला परत पाठवत नाहीत. भाव जुळला नाही तर पाडून देतील, पण पहिल्याला रिकाम्या हातानं जाऊ देत नाहीत. त्याला पाठवला तर तो दिवस गेलाच म्हणून समजायचा. आणि ही बाई पैसे पुढं करून, माल दाखवून, गिऱ्हाईक म्हणून दारात उभी होती. शेठनी तिच्याकडं बघितलं, नाण्याकडं बघितलं. मग हात पुढं केला. नाणं घेतलं. आणि सवयीनं, इतक्या वर्षांच्या सवयीनं, ते कपाळाला लावलं, गल्ल्याला टेकवलं आणि आत टाकलं.

आपण काय केलं हे त्यांना नंतर कळलं असावं. मग नोकरावर ओरडले, "बघतो काय? काढ तो पुठ्ठा. गिऱ्हाईक खोळंबलंय."

गाडा भरला. कोरडा, करकरीत पुठ्ठा. कमलबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा दुकानातून थेट हातात घेतलेला. माझे डोळे भरून आले आणि मी ड्रायव्हरला उगाच ओरडले, की गाणं एवढं मोठ्यानं काय लावलंय.

त्याच दुपारी पिंपळगाव रेणुकाईहून एक मोठं कुटुंब जीप भरून आलं आणि शेठच्या दुकानात लग्नाचा बस्ता बांधला. बस्ता म्हणजे लग्नघरची सगळी कापडखरेदी एकाच दुकानातून. नवरीच्या शालूपासून आत्या-मावश्यांच्या लुगड्यांपर्यंत. लग्नसराईत बस्ता येणारच. कमलबाईंनी रुपया दिला नसता तरी ते कुटुंब आलंच असतं, हे मला माहीत आहे. पण बाजारानं तो कमलबाईंच्या हाताचा गुण मानला. मला कोणी विचारलं नाही आणि मी सांगायला गेले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही रस्त्याच्या तोंडाशी पोचलो तर प्रकाशशेठ स्वतः बाहेर उभे. खोकी चपटी करून, सुतळीनं बांधून पायरीवर ठेवलेली.

"या कमलबाई. आधी आमच्याकडं."

आदल्या दिवशी "ए बाई" होती. कमलबाईंनी रुपया दिला. शेठनी कपाळाला लावला.

समोरून रफीकभाई ओरडले, "अरे, रोज शेठकडंच आधी काऊन? आमच्या दुकानाला काटे हायेत का?"

आठवडा संपायच्या आत भांडणं सुरू झाली. भांड्यांचं दुकान म्हणे आम्ही आधी, बियाण्यांचं दुकान म्हणे आमचा पुठ्ठा जाड. मला इतका आनंद झाला. भांडण लागलं म्हणजे गोष्ट चालणार. शेवटी असं ठरलं, की गाडा एक दिवस रस्त्याच्या या टोकापासून निघेल, एक दिवस त्या टोकापासून. दुकानागणिक एक रुपया, त्याची नाणी बचत गट बँकेतून आणायचा. कॅशिअर म्हणाला, "एवढी चिल्लर कशाला लागते तुम्हाला?" कमलबाई म्हणाल्या, "बाजाराची बोहनी कराया."

यातली गंमत मला थोडी उशिरा दिसली. ज्या गोष्टीला रुपया मिळतो तो माल. माल कोणी रस्त्यावर टाकत नाही. दुकानदार आता पुठ्ठा रात्री आत ठेवू लागले, ओला होऊ देईनात, पन्नी वेगळी बांधू लागले. हे मी फळ्यावर चित्र काढून सांगितलं होतं तेव्हा टाळ्या मिळाल्या होत्या. कमलबाईंनी एका नाण्यात करून दाखवलं. बोहनी झाली की उरलेला केर मागच्या घंटागाडीत द्यायला कोणाची हरकत नसायची. मेन रोड दुपारपर्यंत स्वच्छ राहू लागला. नाली वाहू लागली.

एक काळजी मात्र मला खात होती. एकदा शेडमध्ये मी ती बोलून दाखवली.

"कमलबाई, आज तुमचा हात चांगला म्हणतात. उद्या कोणाचा धंदा मंदा झाला तर हात वाईट म्हणतील. ही माणसं दोन्ही बोलतात."

त्या मशीनमध्ये पुठ्ठा भरत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "म्हनतीन की. मॅडम, आजवर त्या पायरीला माह्या पदराचा वारा लागला तरी पुढं व्हय म्हनायचे. आता मी येऊस्तोर गल्ला बंद ठिवू राह्यले. चार दिवस तरी मला मजा घिऊ द्या."

मग दोघी हसलो. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

सभा झाली. ठेकेदाराचा प्रस्ताव वाचून दाखवला. एक सदस्य म्हणाले, मोठी गाडी आहे, सगळं एकदम उचलेल, बायकांची कटकट नको. सीओ साहेबांनी शेडमधल्या गठ्ठ्यांचे फोटो दाखवले. सदस्य जांभया देत होते. मग व्यापारी संघाचे अध्यक्ष म्हणून प्रकाशशेठना बोलावलं. मी हात जोडून बसले होते, तेही मांडीवर कोणाला दिसणार नाहीत असे. शेठ उठले, टोपी नीट केली आणि एकच वाक्य बोलले.

"ठेकेदाराची गाडी बोहनी करनार हाय का?"

सभागृहात हशा पिकला. अर्ध्याअधिक सदस्यांची मेन रोडला दुकानं. जे ते मनात उद्याच्या सकाळचा विचार करत होते. प्रस्ताव बाजूला ठेवला गेला. शेड गटाकडं राहिलं.

मी धावतच शेडवर गेले. कमलबाईंना सांगितलं. त्या मटकन खाली बसल्या आणि अबोला धरलेल्या त्या दोघींकडं बघून म्हणाल्या, "झालं का बायांनो समाधान?" मग मला म्हणाल्या, "मॅडम, तुमचे लई उपकार." मी म्हटलं, उपकार कसले, रुपया तुमचा होता. हे मी नम्रपणा म्हणून म्हटलं नाही. माझ्या सगळ्या नोकरीत मला इतक्या वेळेवर कोणी वाचवलेलं नाही.

अजून सगळं सुरळीत आहे असं नाही. थर्माकोल कोणी घेत नाही, तो आमच्या डोक्यावर बसलाय. हॉटेलवाले अजून ऐकत नाहीत. पण मेन रोडचा गाडा रोज निघतो. मधे कमलबाई लेकीच्या बाळंतपणाला अंतरवाली सराटीला गेल्या होत्या. बाकीच्या बायका दुसऱ्या गाड्यावर आणि मशीनवर होत्या. एक हात कमी पडत होता. म्हटलं, आज मी येते. पर्समधून नाणी काढली, गाडा ढकलत शेठच्या दुकानासमोर उभी राहिले आणि रुपया पुढं केला.

शेठ उठून उभे राहिले. नाणं घेतलं, कपाळाला लावलं, गल्ल्यात टाकलं. नोकराकडून पुठ्ठा गाड्यावर ठेवून घेतला. सगळं रीतसर. मग जरा जवळ आले.

"मॅडम, तुमचा मान मोठा. राग नका मानू. पन कमलबाई कधी येनार हायेत?"

गाडा ढकलून माझे खांदे दुखत होते आणि मी रस्त्यात उभी राहून मोठ्यानं हसत होते. साहेबाच्या हातापेक्षा काम करणारीचा हात लोकांना बरा वाटायला लागला, की योजना चालली असं समजावं. "सोमवारी येणार आहेत," मी म्हटलं आणि पुढच्या दुकानाकडं गेले.